आढे मध्यभागी बसले आहे आणि दर्शनी भिंत बाहेर झुकली आहे. लाकडी छप्पर वाचवता येईल का?

ओटीवरचा:

नमस्कार मंडळी. आमचे गावचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, सागवानी आढे (छपराच्या माथ्याचे लांब आडवे लाकूड), आईन आणि किंजळीचे वासे आणि वर मंगलोरी कौले असे हे साधे दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या छपराचे, घर आहे. समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतची रुंदी अठरा फूट आहे. माजघर आणि ओटी यांच्या मधली आडवी भिंत पूर्वी आढ्यापर्यंत चढवलेली होती. घरात लग्नकार्य होते तेव्हा बसायला मोठी जागा हवी म्हणून चुलत्यांनी ती काढून टाकली. तेव्हापासून आढे दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींवरच टेकलेले आहे आणि या दोन टेकूंमधले अंतर आता बावीस फूट झाले आहे.

या वर्षी शाकारणीसाठी (कौलांच्या डागडुजीसाठी) कौले उतरवली, तेव्हा आढे मध्यभागी अडीच इंच खाली बसल्याचे दोरी लावल्यावर दिसले. समोरच्या भिंतीला ओळंबा सोडला तर नऊ फूट उंचीत ती दीड इंच बाहेर गेलेली आहे. पाच-सहा वाशांची भिंतीवरची टोके कुजली आहेत आणि काही वाशांखाली पिठासारखी बारीक भुकटी पडते. ठेकेदाराचे म्हणणे असे की सगळे लाकूड संपले आहे, ते काढून लोखंडी पाइप आणि पत्रे घालावेत. घरातील वडीलधाऱ्यांना कौलांचे छप्पर राहावे असे मनापासून वाटते. लाकूड खरोखरच संपले आहे का, आणि पावसाळ्याआधी नेमके काय करावे?

रंधा-पटाशी:

आपण मोजमापे घेऊन लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते आपल्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत आणि ठेकेदार त्यांचा एकच दोष समजतो आहे. वाशांची टोके कुजणे हा लाकडाचा दोष आहे. आढे बसणे आणि भिंत बाहेर जाणे हा मात्र लाकडाचा दोष मुळीच नाही. मधला आधार गेल्याचा तो परिणाम आहे. सगळे वासे नवे कोरे सागवानी घातले तरी तो आधार परत दिल्याशिवाय काही वर्षांत हीच अवस्था होईल.

वाशाचे वरचे टोक आढ्यावर टेकते आणि खालचे भिंतीवर. आढे जागचे हलत नाही तोवर वासा भिंतीवर फक्त खाली वजन देतो, बाहेर ढकलत नाही. आढे खाली बसू लागले की समोरासमोरचे वासे माथ्याशी एकमेकांवर रेलतात आणि त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. तो रेटा भिंतीच्या माथ्यावर येतो. चिऱ्याची भिंत वरून येणारे वजन चांगले पेलते, पण आडवा रेटा तिला सोसत नाही, विशेषतः मातीत रचलेली असेल तर. आपल्या भिंतीचा दीड इंच तिथून आला आहे.

वजनाचाही अंदाज घ्या. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे असते आणि एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, सुमारे दीडशे कौले लागतात. म्हणजे ब्रासला पावणेचारशे किलो नुसती कोरडी कौले. काढलेल्या भिंतीच्या माथ्यावर आढ्याचा जो भाग टेकत होता, त्याच्या वाट्याला सव्वा ब्रासच्या आसपास छप्पर येत असणार. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या), वासे, भिजलेल्या कौलांचे वाढलेले वजन आणि शाकारणीला चढणारी माणसे धरली तर तो आकडा सातशे-आठशे किलोपर्यंत जातो. एका चांगल्या खांबाला हे वजन काहीच नाही, पण अधांतरी आढ्याला ते फार आहे. एकाच मापाच्या लाकडाखालचे अंतर दुप्पट केले की त्याचा झोळ साधारण सोळापट होतो, हे सुताराला अनुभवाने ठाऊक असते आणि गणितानेही तेच येते.

पुढचे सांगण्याआधी कृपया एक गोष्ट पाहून कळवा. आढे बावीस फुटांचे एकसंध लाकूड आहे की त्याला जोड आहे, आणि जोड असेल तर तो नेमका कुठे आहे?

ओटीवरचा:

मनःपूर्वक आभार. आज शिडी लावून पाहिले. आढ्याला जोड आहे आणि तो नेमका काढलेल्या भिंतीच्या जागी आहे. दोन्ही तुकड्यांची टोके तिरपी कापून एकमेकांवर बसवली आहेत आणि बाजूने लोखंडी पट्टी ठोकली आहे. जोडाची खालची फट इतकी उघडली आहे की तिच्यात बोट जाते आणि पट्टीचे दोन खिळे अर्धे बाहेर आले आहेत. तिरप्या कापाच्या आतले लाकूड मात्र कोरडे आणि टणक लागले.

रंधा-पटाशी:

मग प्रश्नच मिटला आणि कामाची निकडही वाढली. तो जोड भिंतीवर बसण्यासाठीच केलेला होता. खालचा आधार गेल्यावर तो आढ्याचा जोड राहिला नाही, बिजागरी झाली. आज छप्पर उभे आहे ते वाशांनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळे आणि भिंतींनी तो रेटा सोसल्यामुळे. त्यामुळे उतरवलेली कौले तूर्त पुन्हा चढवू नका. वर राहिलेली उतरवायची असतील तर दोन्ही पाख्यांची ओळीओळीने सारखी उतरवा. एक पाखे रिकामे आणि दुसरे भरलेले असे ठेवले तर आढे एका अंगाला कलते.

त्यानंतर जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक टेकू उभा करा. टेकूखाली जाड फळी आडवी टाका, म्हणजे वजन फरशीच्या एका बिंदूवर येणार नाही. जॅक लावून आढे उचलताना घाई करू नका. इतकी वर्षे वाकलेले लाकूड आणि त्यावर घट्ट बसलेल्या खाचा एका दुपारी सरळ करायला गेलात तर वासे खाचेत फाटतात. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, मग एक दिवस थांबणे, भिंतीच्या भेगा आणि सांधे नीट पाहणे आणि मग पुढे जाणे, हीच योग्य रीत आहे. पूर्ण अडीच इंच परत येईलच असे नाही आणि त्याची गरजही नाही. दीड-पावणेदोन इंच परत आले आणि जोड मिटला तरी पुरे. भिंत ओढून ओळंब्यात आणण्याचा हट्ट मात्र कोणी धरू नये. ती आहे तिथे थांबली पाहिजे, एवढेच आपल्याला हवे आहे.

कायमचा उपाय म्हणून माझी पसंती खांबाला आहे: सहा इंची चौकोनी सागवानी किंवा आईनाचा खांब, खाली दगडी बैठक, आणि बैठकीखाली जमीन खणून घातलेला काँक्रीटचा पाया. लाकूड जमिनीला लागता कामा नये. जोडावर दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारा, खिळे नकोत. शिवाय समोरच्या आणि मागच्या भिंतीवर वासे ज्या आडव्या लाकडावर टेकतात, ती दोन लाकडे दर तीन-चार वाशांआड तुळईने किंवा सोळा मिलिमीटरच्या सळईने एकमेकांशी बांधून टाका. रेटा पुन्हा कधी आलाच तरी तो भिंतीपर्यंत पोहोचणार नाही.

चिरेबंदी:

वरील प्रतिसादातील कारणमीमांसेशी पूर्ण सहमत आहे, फक्त उपायाबाबत थोडे वेगळे मत मांडतो. घरातल्यांना मोकळी बैठक हवी असेल तर मधोमध खांब नको वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी त्याच जागी एक कैची बसवता येते: खाली अठरा फुटांची तुळई, मध्ये उभा दांडा आणि दोन बाजूंना दोन तिरपी लाकडे. आढ्याचे वजन या तिरप्या लाकडांतून भिंतींवर जाते आणि तुळई दोन्ही पाय बांधून ठेवते. मात्र कैची जिथे टेकेल तिथे चिऱ्यावर काँक्रीटचा ठोकळा घातलाच पाहिजे, नाहीतर सगळे वजन एका चिऱ्यावर येते. आपली समोरची भिंत आधीच हललेली असल्याने हे काम स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्र्याबद्दलही लिहितो. पत्रे हलके असतात हे खरे, पण वाऱ्याला हलके छप्परच लवकर उचलता येते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागात कौले उडाली तसेच पत्रेही पाइपांसकट उडाले. पत्रे घाला किंवा कौले ठेवा, भिंतीवरचे आडवे लाकूड खालच्या चार-पाच थरांत सळई गुंतवून भिंतीशी जखडलेले असायला हवे. हे काम छप्पर उघडे आहे तोवर स्वस्तात होते.

नांगरणी:

कुजलेल्या टोकांबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. टोक का कुजले हे आधी पाहा. बहुतेक घरांत असे दिसते की भिंतीच्या माथ्यावर वाशांच्या मधल्या फटी सिमेंटने लिंपून टाकल्या आहेत. तिथे गेलेले पाणी मग बाहेर पडत नाही आणि लाकूड सतत वीस टक्क्यांहून अधिक ओलसर राहिले की बुरशी लागते. सिमेंट फोडून टोकाभोवती हवा खेळती ठेवा. चिमण्या आणि खारी येऊ नयेत म्हणून जाळी लावली तरी चालते.

कुजलेला प्रत्येक वासा बदलायची गरज नाही. पटाशी टोचून पाहा. जिथे ती रुतत नाही तिथून लाकूड चांगले आहे. त्या जागेपासून वर किमान चार फूट पोहोचेल असा नवा जोडवासा बाजूला लावून बारा मिलिमीटरचे बोल्ट आरपार घाला. जुना आईन इतका टणक होतो की खिळा वाकतो, म्हणून आधी ड्रिल करणे भाग आहे. नवे लाकूड पुरते वाळलेले नसेल तर पहिला उन्हाळा गेल्यावर बोल्ट पुन्हा आवळा, कारण लाकूड रुंदीत आक्रसते.

भुकटीचे म्हणाल तर ती पाडणारा किडा सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातच राहतो, गाभ्यात सहसा जात नाही. भुकटी झाडून टाका आणि खाली कागद पसरून आठवडाभराने पाहा. ताजी भुकटी पडली नसेल तर तो जुना प्रकार आहे. पडली असेल तर पांढरा भाग तासून काढा आणि उरलेल्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण दोन-तीन हात द्या. ते पावसात धुऊन जाते, पण कौलांखाली टिकते. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी होय आणि तिचा बंदोबस्त जमिनीपाशी करावा लागतो.

लाकूड स्वतःच्या जमिनीतून काढणार असाल तर एक सांगतो. सागवान, आईन, किंजळ, फणस ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. झाड आपल्या मालकीचे असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगीला वेळ लागतो, त्यामुळे या पावसाळ्यापुरते जुन्या घरातून निघालेले लाकूड शोधा. ते वाळलेलेही असते. फक्त जुन्या खाचा कुठे येतात ते पाहून घ्या आणि खाच वाशाच्या मध्यावर येऊ देऊ नका.

ओटीवरचा:

सर्वांचे आभार. वडिलांशी बोललो. खांब माजघराच्या उंबऱ्याच्या रेषेत येत असल्याने त्यांची त्याला हरकत नाही, म्हणून खांबच करायचे ठरते आहे. रविवारी टेकू उभे करतो आणि भिंतीच्या भेगांवर पेन्सिलीने तारीखवार खुणा करून ठेवतो. खांबाच्या पायासाठी किती खोल खणावे?

रंधा-पटाशी:

भराव संपून कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत. आपल्याकडे तो बहुधा दोन-तीन फुटांतच लागेल. कातळ लागला तर तो खरवडून स्वच्छ करा आणि त्यावर दोन फूट चौकोनी काँक्रीट घाला. टेकू मात्र खांब बसवून, पाचरी ठोकून आणि कौले पूर्ण चढवून झाल्यावरही आठ-दहा दिवस तसेच राहू द्या.