चिऱ्याच्या घरात लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटतं, रिपीटर घ्यावा का?

वेंगुर्लेकरीण
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ सासरी आलेय आणि गणपती होईपर्यंत इथूनच काम करायचंय. घरात फायबर आहे. राउटर पडवीत आणि मी बसते मागच्या खोलीत, कारण शांतता तिथेच. मध्ये चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दोन जाड भिंती. फोन त्या खोलीत बरा चालतो, लॅपटॉप मात्र मीटिंगच्या मध्येच तुटतो. कधी 'इंटरनेट नाही' असं दाखवतो, तर कधी आमच्या नेटवर्कचं नावच यादीतून गायब. विंडोज ११ आहे. पाऊस लागून राहिला की त्रास वाढतो. बाजारात वाय-फायचा सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर मिळतोय, घेऊन टाकू का? नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून मनापासून विचारतेय.

खाडीकाठ
ताई, आज काही विकत आणू नका. आधी दोष कुठे आहे ते कळू दे: बाहेरच्या लाइनमध्ये, भिंतीत की लॅपटॉपमध्ये.

पहिलं म्हणजे फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि मग त्याच खोलीत बघा. वाय-फाय अडखळलं की बरेच फोन न सांगता डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं फोन ठीक आहे.

मग लॅपटॉप पडवीत राउटरशेजारी ठेवून तासभर काम करा. तिथेही तुटला तर भिंतीला दोष नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी) 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) दिलंत की डिफॉल्ट गेटवेचा आकडा दिसेल, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. तोच राउटर. त्याला 'पिंग' (ping, समोरचा उत्तर देतो का ते बघणारी आज्ञा) लावून शेवटी डॅश-टी (-t) द्या आणि चालू ठेवा. राउटरकडून उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही, तर कंपनीला फोन करा. राउटरच उत्तर देत नसेल, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. लॅपटॉपचा स्वतःचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

आणि नाव गायब होतं तेव्हा शेजाऱ्यांची नावं दिसतात का? सगळीच गेली तर लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड किंवा ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर. फक्त तुमचं गेलं तर सिग्नल.

माडांची राई
गो बाय, चिऱ्याची भिंत म्हणजे काय ते आम्हाला विचार! जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल जास्त खाते. त्यात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींपुढे २.४ पेक्षा लवकर दमतो. राउटरवर दोन्ही बँड एकाच नावाखाली असतील तर लॅपटॉप वेगाच्या हावेनं ५ वर जातो आणि मागच्या खोलीत लटकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं दे आणि लॅपटॉप २.४ ला जोड. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ ठेव, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वेग कमी दिसेल, पण मीटिंगला वेग फार लागत नाही. लागतो टिकाव.

राउटर फ्रिजमागे किंवा लोखंडी कपाटावर असेल तर तो आधी हलव.

वेंगुर्लेकरीण
केलं सगळं. पडवीत एकदाही तुटला नाही. डेटा बंद केल्यावर मागच्या खोलीत फोनही रडतच होता! नाव फक्त आमचंच जात होतं. 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) दिलं तर ५ गिगाहर्ट्झवर सिग्नल ३१ टक्के. २.४ वर तो ५८ झाला आणि पिंग बऱ्यापैकी सरळ आला. पण जेवून परत आलं की कनेक्शन गेलेलं असतं. वाय-फाय बंद-चालू केलं की येतं.

खाडीकाठ
हा दोष वेगळा, लॅपटॉपचा वीज वाचवायचा स्वभाव. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, वाय-फाय कार्डाचे प्रॉपर्टीज, तिथे पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर 'वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या' अशा अर्थाची खूण काढा. टॅब नसेल तर ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घाला. एखाद्या अपडेटनंतर हे सुरू झालं असेल तर उलट 'रोल बॅक' करून, म्हणजे जुना ड्रायव्हर परत आणून बघा.

तरी गेलं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' (netsh wlan show wlanreport) द्या. गेल्या तीन दिवसांत कनेक्शन कधी तुटलं आणि का, याचा अहवाल तयार होतो. नेटवर्क रिसेट अगदी शेवटी, कारण त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसले जातात आणि ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं व्हीपीएनही पुन्हा घालावं लागू शकतं.

गुहागरचा नाका
रिपीटरबद्दल माझं स्पष्ट मत: या घरात नको. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो मागच्या खोलीत लावाल तर त्यालाच सिग्नल कमी, मग तो पुढे काय देणार? गणपतीपर्यंत राहायचंय ना, मग पडवीतून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, घर त्याहून लांब नाही. टोकाला लॅपटॉप थेट जोडा. जुना राउटर पडून असेल तर तो ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून तिथे वाय-फाय द्यायला लावा, त्यावरचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करून.

केबल घेताना कॅट-६, शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण आपल्या खाऱ्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. बाहेरून न्यायची तर काळ्या आवरणाची, उन्हापावसाला टिकणारी.

वेंगुर्लेकरीण
पॉवरची खूण काढली, दुपारभर उघडा ठेवला, टिकलाय. केबलचं घरात बोलले, सासरे म्हणतात चिऱ्यात भोक पाडायला हरकत नाही, पण पाणी आत येता कामा नये. गडग्याकडच्या, म्हणजे पावसाच्या बाजूनेच न्यावी लागेल.

गुहागरचा नाका
भोक आतून बाहेर खाली उतरतं पाडायला सांगा. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला ठिबकेल, भोकात जाणार नाही. मग कडेनं सिलिकॉन. आणि विजा सुरू झाल्या की केबल दोन्हीकडून काढून ठेवा, राउटरचा प्लगही. मान्सून येण्याआधी आणि परततानाच्या विजांनी पोर्ट जळतात.