वकिलांविरुद्धच्या तक्रारीला मुदत असावी का?

मूळ मांडणी (एक वकील)
१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, करता येते. मात्र घटनेनंतर किती वर्षांच्या आत ती करावी, हे त्या कलमात सांगितलेले नाही. बारा वर्षांपूर्वी निकाली निघालेल्या प्रकरणाबद्दल आज नोटीस आली, तर वकिलाजवळ ना कागद उरलेले असतात, ना तेव्हाचा कारकून. वकिलीची सनद (परवाना) गेली की चरितार्थही जातो, एवढी ही शिक्षा मोठी आहे. म्हणून घटनेपासून तीन वर्षांची मुदत असावी, असे माझे मत आहे. इंग्लंडमध्ये वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाने १ एप्रिल २०२३ पासून सहा वर्षांची मुदत एका वर्षावर आणली आहे.

प्रतिसाद (एक पक्षकार)
आपण अर्धाच नियम सांगितलात. तिथे ते वर्ष घटनेपासून किंवा तक्रारीचे कारण लक्षात यायला हवे होते तेव्हापासून मोजतात, आणि योग्य कारण असल्यास लोकपाल मुदत वाढवूनही देतो. माझ्या मामांचा वाटपाचा दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला, तरी वकील दर खेपेस 'पुढची तारीख पडली आहे' असे सांगून फी घेत राहिले. सातबाऱ्यावर खरेदीदाराचे नाव चढलेले दिसले, तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती. आपल्या हिशेबाने मामांची मुदत त्यांना काही कळण्याआधीच संपली असती, आणि ज्याने जितके जास्त दिवस लपवले तो तितका सुरक्षित राहिला असता. वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर
लपवाछपवी झाली असेल तर कळल्या दिवसापासून मोजावे, हे मला मान्य आहे. फसवणुकीच्या बाबतीत मुदतीचा कायदाही तेच तत्त्व मानतो. परंतु आज ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या ऑनलाइन सेवेवर तारीख मोबाइलवर दिसते, तेव्हा 'मला कळलेच नाही' हे म्हणणे कुठवर मानायचे?

प्रतिसाद (तोच पक्षकार)
तिथे पक्षकाराच्या नावानेही शोधता येते, पण प्रकरण नेमके सापडायला सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) किंवा निदान दावा क्रमांक हाती असलेला बरा. मामांना दोन्ही कधी मिळाले नाहीत.

प्रतिसाद (दुसरे वकील)
दोघांनीही कौन्सिलच्या मुदतीचा विचार केलेला नाही. कलम ३६ब प्रमाणे राज्य कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने तक्रार एका वर्षात निकाली काढायची असते, नाहीतर ती भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बार कौन्सिलांना या मुदतीची आठवण करून द्यावी लागली होती. जी संस्था स्वतःचे वर्ष पाळू शकत नाही, तिने खेड्यातल्या पक्षकाराला दिवस मोजायला लावू नयेत. मुदत ठेवायचीच असेल, तर निकालाची नक्कल पक्षकाराच्या हाती पडल्याच्या तारखेपासून ती मोजावी, आणि तशी सही घेतलेली पोच वकिलाने जपून ठेवावी.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर
पोचेची अट मी स्वीकारतो. तीन वर्षांचा आग्रह सोडला, तरीही दहा वर्षांनंतर कोणतीही तक्रार घेऊ नये, असे माझे मत आहे.