मदत हवी आहे: बास्केटबॉलच्या ड्राफ्टमध्ये आठवा नंबर आलाय, ८ आणि ९ ला कोणाला घेऊ? (आज ५ च्या आत सांगा)

बँकशॉट | शनिवार, सकाळी ९:४०

मंडळी पटकन मदत हवीये, वेळ नाहीये. दरवर्षी आमचा ग्रुप ड्राफ्ट करतो (NBA, म्हणजे अमेरिकेतल्या लीगचे आजवरचे खेळाडू आळीपाळीने निवडून कागदावर टीम काढायची), काल मिसळ खाताना चिठ्ठ्या काढल्या आणि मला आठवा नंबर आला. म्हणजे ८ आणि ९ लागोपाठ, मग थेट २४ नि २५. जॉर्डन, लेब्रॉन, करीम तोवर उडणार हे धरूनच चाललोय. हकीम आणि मॅजिक घेऊ, का बर्ड आणि डंकन, का योकिच? गेल्या वर्षी मी शेवटून पहिला आलो आणि वर्षभर ते ऐकून घेतलंय, यंदा काहीही करून वर यायचंय. ज्यांना यातलं कळतं त्यांनीच सांगा प्लीज.

रिबाउंडवाली | ९:५२

आठवा म्हणजे कितीजणांत? टीम पाचची का दहाची? खेळाडूची अख्खी कारकीर्द धरता का एकच सीझन? आणि कोण जिंकलं ते ठरवतं कोण? हे माहीत नसताना कोणीही काहीही सांगेल.

ओझरकर | १०:०५

एवढा विचार कशाला करायचा. विल्ट चेंबरलेन उरला असेल तर डोळे मिटून विल्ट. १९६१-६२ च्या सीझनला सरासरी ५०.४ पॉइंट, आणि २ मार्च १९६२ ला एकाच मॅचमध्ये १००. ६० वर्षं होऊन गेली, कोणी जवळ तरी गेलंय का? कोबेसुद्धा ८१ वरच थांबला.

बँकशॉट | १०:२०

सॉरी, घाईत लिहिलं. आठ जण आहोत, स्नेक ड्राफ्ट (दर फेरीला क्रम उलटा होतो), प्रत्येकी सात खेळाडू, त्यामुळे माझे पिक (निवडीचे नंबर) ८, ९, २४, २५, ४०, ४१ आणि ५६. प्रत्येकाचा एकच सीझन सांगायचा. खेळ आजच्या नियमांनी होतोय असं धरायचं, थ्रीची लाइन आहे (तिच्या बाहेरून टाकला की तीन पॉइंट), हँडचेकिंग (समोरच्याला हाताने अडवणं) चालत नाही. निकाल ग्रुपबाहेरचे तिघं देतात, सातपैकी चार मॅच जिंकणारी टीम कोणती असं ते आपसात भांडून ठरवतात.

ओझरकर, विल्ट १९६२ मी गेल्या वर्षीच घेतला होता हो. बाकी चारही असेच मोठ्या आकड्यांचे घेतले. तिघांतले एक शाळेत पीटीचे सर आहेत, त्यांनी वहीत माझे पाच स्टार्टर एकाखाली एक लिहिले, प्रत्येकापुढे पेन्सिलीने एक गोल काढला आणि म्हणाले, चेंडू एक आहे, यातला कुठला गोल काळा करू? मी म्हटलं विल्टचा. मग त्यांनी बाकीच्या चौघांवर एकेक करून बोट ठेवलं, आता हा काय करतोय, आता हा? हातात चेंडू नसला तर त्यातला एकही कामाचा नव्हता. मला खरंच उत्तर सुचलं नाही. ते चार रिकामे गोल अजून डोळ्यासमोर आहेत, म्हणून तर इथे विचारतोय.

ओझरकर | १०:३१

तो विल्टचा दोष नाही, तुमच्या बाकीच्या चार पिकचा दोष आहे.

सातपूर_शिफ्ट | १०:३४

भो त्या सीझनला विल्ट मॅचमागे ४८.५ मिनिटं खेळायचा, मॅचच ४८ मिनिटांची असते, ओव्हरटाइम धरून एवढी होतात. दमायचा नाही हे मान्य, पण एकच माणूस कधी बाहेरच बसला नाही तर आकडे फुगणारच ना. आणि तरी त्या वर्षी प्लेऑफच्या मालिकेत सातव्या मॅचला बोस्टनकडून हरलेच. पलीकडे रसेल होता. १३ सीझनमध्ये ११ वेळा चॅम्पियन.

नाइट करून आत्ता आलोय. शिफ्ट सुटल्यावर घरी येऊन मॅच लावायची मजा वेगळीच आहे, तिकडे रात्र असते नि आपल्याकडे चहाची वेळ. झोपून उठलो की सविस्तर लिहितो, तोवर हकीम घ्या.

गंगापूररोडचे काका | १०:५०

तुम्ही मुलं नव्वदच्या मागे जातच नाही. ऑस्कर रॉबर्टसनचं १९६१-६२ बघा: ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं), ११.४ असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो), अख्ख्या सीझनची सरासरी ट्रिपल डबल, म्हणजे तिन्ही दहाच्या वर. त्यानंतर हे व्हायला २०१७ उजाडलं, वेस्टब्रुकने केलं. जेरी वेस्टसुद्धा कोणाला आठवत नाही. १९६९ ची फायनल त्याची टीम हरली आणि तरीही फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच. असं पुन्हा कधी झालेलं नाही.

आमच्या वेळी हे बघायला कुठे मिळायचं? भारताची टीम १९८० ला मॉस्को ऑलिंपिकला गेली होती, ते आम्ही रेडिओवर आणि पेपरातल्या दोन ओळींत वाचलं. त्यानंतर आपली पुरुषांची टीम परत ऑलिंपिकला गेलेली नाही. प्रेसच्या कॉलनीत सिमेंटच्या कोर्टवर खेळून गुडघे फोडून घेतलेली पिढी आहे आमची.

रिबाउंडवाली | ११:०२

काका, ऑस्कर मोठाच. पण तोही चेंडू हातात ठेवणारा, आणि यांचं दुखणं नेमकं तेच आहे.

बँकशॉट, माझं मत हकीम १९९४. सीझनचा एमव्हीपी, डिफेन्सिव्ह प्लेयर (बचावातला सर्वोत्तम) आणि फायनलचा एमव्हीपी, तिन्ही एकाच सीझनला मिळवणारा तो एकटाच. रिंगपाशीही थांबवतो, बाहेर चपळ गार्डला अडवायची वेळ आली तरी पाय हलतात. जोडीला बर्ड १९८६. तो चेंडू हातात न ठेवता चालतो, आला की पास नाहीतर शॉट.

द्राक्षबाग | ११:१५

नमस्कार. टीम काढायचा विषय आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे दिंडोरी तालुक्यात शाळेच्या मैदानावर देणगीतून दोन पोल बसवलेत, रिंग किती उंचीवर लावायची नि कोर्ट केवढं आखायचं? पाचवी ते दहावीची मुलं आहेत.

बँकशॉट | ११:१७

दादा हा खोटाखोटा ड्राफ्ट आहे, खरी टीम नाही. पण कोणीतरी सांगा त्यांना.

गंगापूररोडचे काका | ११:४०

द्राक्षबाग, रिंग ३.०५ मीटर, म्हणजे १० फूट. कोर्ट २८ बाय १५ मीटर. फ्री थ्रोची लाइन बोर्डच्या पुढच्या कडेपासून ४.६ मीटरवर. रिंगपासून मोजू नका, तिथेच सगळे चुकतात.

रिबाउंडवाली | ११:४८

पाचवीच्या मुलांना १० फूट देऊ नका हो काका! मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते, चेंडूही ५ नंबरचा. लहानपणी मोठ्या रिंगवर टाकायला लागलं की पोरं खांद्यावरून चेंडू फेकायला शिकतात आणि ती सवय मग जन्मभर जात नाही. मी स्वतः शिकवलंय दोन वर्षं.

गंगापूररोडचे काका | ११:५५

आम्ही १० फुटांवरच शिकलो. काही बिघडलं नाही.

ओझरकर | १२:१०

धागा कशाचा आहे? बरं विल्ट नको तर योकिच घ्या. २०१४ च्या NBA च्या खऱ्या ड्राफ्टला ४१ वा पिक, नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. तोच पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ चा एमव्हीपी, आणि २०२३ ला त्याच्या डेन्व्हरला पहिली चॅम्पियनशिप. तुम्हाला पास देणारा पाहिजे ना, सेंटर (रिंगपाशी खेळणारा उंच खेळाडू) असून त्याच्यासारखा पास देणारा दुसरा दाखवा.

रिबाउंडवाली | १२:१६

आणि समोरच्याने प्रत्येक वेळी पिक अँड रोलमध्ये (एक जण आडवा उभा राहून बचाव अडवतो नि मग रिंगकडे पळतो) त्यालाच ओढला तर? पलीकडे स्टीफन करी असेल तर काय करणार?

ओझरकर | १२:२०

२०२३ ला पण सगळे हेच म्हणत होते.

बँकशॉट | १२:४५

अरे हो, एक राहिलं. एका दशकातले जास्तीत जास्त दोन घेता येतात. सीझन ज्या वर्षी संपतो ते वर्ष धरायचं.

रिबाउंडवाली | १२:४७

हे आधी नाही का सांगायचं!! दोन तास आम्ही हवेत बोलतोय. थांबा, सगळं बदललं.

रिबाउंडवाली | १:२०

हे बघा. आठ जण, प्रत्येकी दोन, म्हणजे अख्ख्या नव्वदच्या दशकातले जास्तीत जास्त १६ जाणार. आणि चांगल्या खेळाडूंची सगळ्यात जास्त गर्दी तिथेच आहे: जॉर्डन, हकीम, रॉबिन्सन, बार्कली, मलोन, पिपेन, यूइंग, पेटन, स्टॉकटन, रॉडमन, मुटोम्बो. पहिल्या दोन फेऱ्यांतच बऱ्याच जणांची नव्वदची एक जागा भरेल, मग दुसरी ते हात राखून वापरतील. म्हणजे नव्वदचे लोक खाली घसरणार. म्हणून ८ नि ९ ला नव्वदचा घेऊच नका, हकीमसुद्धा नको, मी मघाशी सांगितलेलं मागे घेते.

उलट २००० चं दशक बघा. दोन्ही बाजूंना खेळणारे मोठे उंच खेळाडू म्हणजे डंकन आणि गार्नेट, २४ पर्यंत त्यातला एकही राहत नाही. डंकन २००३ घ्या. त्या फायनलच्या सहाव्या मॅचला २१ पॉइंट, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक (अडवलेले शॉट). अजून दोन ब्लॉक मिळाले असते तर क्वाड्रपल डबल होता. बर्ड १९८६ आहेच. या दोघांना एकमेकांच्या जागा लागत नाहीत, आणि पीटीच्या सरांनी कुठलाही गोल काळा केला तरी दुसरा रिकामा राहत नाही.

ओझरकर | १:३५

हिशोब बरोबर आहे, पण बाकी सातही जण असाच विचार करणार हे कशावरून? लोक आवडीने घेतात.

बँकशॉट | १:५०

आमच्यात एक जण दरवर्षी पहिल्या फेरीत कोबेच घेतो, कितवाही नंबर असू दे. त्यामुळे ओझरकरांचं म्हणणं पण खरंय. पण रिबाउंडवालींचा हिशोब डोक्यात बसला. मॅजिक आला तर?

सातपूर_शिफ्ट | ४:३०

उठलो. मॅजिक आला तर सोडू नका भो. १९८० च्या फायनलची सहावी मॅच, करीम घोटा दुखावून घरी, आणि हे २० वर्षांचं पोरगं सेंटरला उभं राहिलं: ४२ पॉइंट, १५ रिबाउंड, ७ असिस्ट. पाचही जागा खेळतो असा माणूस तुम्हाला ९ ला मिळत असेल तर कसला दशकाचा हिशोब.

रिबाउंडवाली | ४:४१

मॅजिक आला तर बर्डऐवजी चालेल, डंकनऐवजी नको.

बँकशॉट | सायंकाळी ६:०२

जॉर्डन, लेब्रॉन, करीम, करी, मॅजिक, हकीम, कोबे एवढे गेले. शॅकसुद्धा उरलाय!! माझी १० मिनिटं सुरू झाली. शॅक २००० घेऊ का डंकन?

ओझरकर | ६:०४

शॅक!! असा रोज मिळतो का?

रिबाउंडवाली | ६:०५

शॅकचे फ्री थ्रो कारकिर्दीत ५२.७ टक्के आहेत, शेवटच्या दोन मिनिटांत तुमच्या पोटात गोळा येईल. ठरलंय तेच घ्या.

बँकशॉट | ६:१०

बर्ड १९८६, डंकन २००३. टाकलं. हात थरथरत होता. शॅक माझ्या पुढच्यानेच घेतला.

ओझरकर | ६:१२

पस्तावाल.

बँकशॉट | रात्री ८:३५

२४ ला पिपेन आला!! रिबाउंडवाली तुम्हाला साष्टांग. बार्कली, रॉबिन्सन, मलोन गेले, पण पिपेनपाशी सगळे नव्वदची जागा राखून बसले. पिपेन आणि लगेच २५ ला कवाय २०१६.

रिबाउंडवाली | ८:४०

कवाय त्या सीझनला डिफेन्सिव्ह प्लेयर होता आणि थ्री ४४ टक्क्यांच्या वर. उत्तम. आता शूटर बघा.

द्राक्षबाग | ९:०५

मीटरची टेप आणली. बोर्ड लाकडाचा चालतो का? पावसात फुगेल म्हणतात.

गंगापूररोडचे काका | ९:२०

मरीन प्लायला दोन्ही बाजूंनी ऑइल पेंट मारा, कडांना जास्त हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं.

बँकशॉट | १०:४८

४० ला रे ॲलन २००६, ४१ ला ड्रेमंड २०१६.

सातपूर_शिफ्ट | १०:५५

रे ॲलनचं बरोबर. त्या सीझनला २६९ थ्री, तेव्हाचा विक्रम, करीने २०१३ ला मोडला. कॉर्नरला उभा करा, त्याला सोडून डंकनवर डबल टीम करायला कोणी येणार नाही.

ड्रेमंडपेक्षा रॉडमन चालला असता. १९९२ ला मॅचमागे १८.७ रिबाउंड.

रिबाउंडवाली | ११:०१

रॉडमनला बाहेर मोकळा सोडतील, आजच्या नियमांत ते जड जाईल. ड्रेमंड पास देतो.

बँकशॉट | ११:५८

५६ ला मुटोम्बो १९९७. शेवटपर्यंत राहिला बिचारा, डंकन बाहेर बसला की रिंगपाशी कोणीतरी लागेलच. नव्वदचे दोन झाले, २००० चे दोन, २०१० चे दोन, ८० चा एक. बसतंय.

ओझरकर | रविवार, ००:०७

पॉइंट गार्ड कुठाय? चेंडू वर कोण आणणार?

बँकशॉट | ००:०९

पिपेन. त्याचा सीझन अजून लिहायचा राहिलाय, वही सकाळी साडेआठला सरांकडे जाते. १९९४ का १९९६?

ओझरकर | ००:११

१९९६, ७२ मॅच जिंकल्या.

रिबाउंडवाली | ००:१४

त्या ७२ जॉर्डनसोबतच्या. १९९४ ला जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला होता, सगळं पिपेनच्या हातातून जायचं आणि तरी शिकागोने ५५ जिंकल्या. तुम्हाला तोच पिपेन पाहिजे.

बँकशॉट | ००:२०

१९९४ लिहिलं. झोपतो.

द्राक्षबाग | सकाळी ७:१०

रिंग मोजली, २.९० निघाली. वर घेऊ का खाली?