आईबाबांना घेऊन चिखलदरा, ऑगस्टमध्ये जमेल का?

दर्यापूरकडून दोन दिवसांसाठी निघतोय, आईचे गुडघे दुखतात, जास्त चढउतार नको. पॉइंट सोडून अजून काय पाहता येईल?

उत्तर: जमते ना बाप्पा, पण परतवाड्यावरून सकाळीच निघा, घाटात दुपारनंतर धुकं असं उतरते का समोरच्या एसटीचा लाल दिवाच तेवढा दिसते. भीमकुंड, म्हणजे तिथली खोल दरी, आईले कठड्याजवळूनच दाखवा, खाली उतरू देऊ नका, शेवाळ लय असते. गाविलगडावर बाबांसोबत तुम्ही जा, शार्दूल दरवाज्यावरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय तो जवळून पाहा, मी तर अर्धा तास तिथंच उभा होतो. १५ डिसेंबर १८०३ ले इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्यांचा सेनापती वेलस्ली होता तेव्हा.

उत्तर: पहिल्यांदा जात असाल तर तिथली कॉफी घ्याच, आपल्या विदर्भात कॉफी पिकते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि एकदा होळीनंतर जा, तिथली कोरकू आदिवासी बाया-माणसं रस्त्यावर दोर धरून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, ढोल-बासरी वाजत असते, तेव्हा सुटे पैसे खिशात ठेवा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका, त्यांचा सण आहे तो.

धन्यवाद दोघांनाही, आईसाठी काठी घेतोच आता.