मदत हवी आहे: दिवसभर सगळ्यांना "हो" म्हणते आणि रात्री ओट्यापाशी उभी राहून खाते

नमस्कार मंडळी,

तीन-चार वर्षं इथलं नुसतं वाचत आले आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. दोनदा लिहून पुसलं. आता जसं येईल तसं लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. वय 41. एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. घरात मला कुणाचा जाच नाही हे आधीच सांगते, कारण अशा धाग्यांवर बोट लगेच सासूकडे जातं. माझ्या सासूबाई मायाळू आहेत. जे काही आहे ते माझं मीच ओढवून घेतलेलं आहे, आणि म्हणूनच ते कुणाला सांगायचं हे कळत नाही.

गौरीजेवणाच्या दिवशीचं सांगते. सोळा पानं होती. जाऊबाईंनी आदल्या आठवड्यातच विचारलं होतं, "पोळ्या या वेळी बाहेरून सांगू या का गं?" मी म्हटलं, "छे, करते की मी." पहाटे चारला उठून डाळ शिजत घातली. त्या दिवशी पुरण कोरडं झालं की कणीक मुरायला वेळ कमी पडला माहीत नाही, पण पोळी लाटताना कडेला फाटायला लागली. पुरण तव्यावर यायचं, करपायचं, घरभर जळक्या गुळाचा वास. नैवेद्य झाला होता, पंगत बसली होती, आणि फाटलेली एकही पोळी कुणाच्या पानात जाता कामा नये असं माझं मीच ठरवून टाकलं. मग ती जाणार कुठे? तव्यावरून उतरली की तिथेच उभ्या उभ्या, बोटांना चटके बसत असताना, मी ती खायची. तूप नाही, दूध नाही, चवसुद्धा कळत नव्हती. अशा सात पोळ्या गेल्या. बाहेरून सासूबाई हाक मारत होत्या, "अगं, तू पण बस आता," आणि तोंडात घास असल्यामुळे मला ओ देता येईना. सगळ्यांनी गोल पोळ्या खाल्ल्या, कौतुक केलं. मी पान वाढूनच घेतलं नाही. भूक नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं.

रात्री साडेअकराला सगळी निजानीज झाल्यावर मी परत स्वयंपाकघरात. दिवा लावला नाही. भडंगाचा डबा काढला, झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून पदराखाली धरून उघडला. तळाशी उरलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखटापर्यंत गेले. ओठ चुरचुरत होते तरी हात थांबत नव्हता. मग डबा धुऊन, पुसून जागच्या जागी. उद्यापासून बंद, अशी शपथ.

ही शपथ मी गेल्या दोन वर्षांत किती वेळा घेतली असेल, मोजदाद नाही. या दोन वर्षांत वजन 64 वरून 73 वर गेलं. पण मला वजनापेक्षा ते लपून खाणं जास्त खातंय.

ऑफिसातही तेच. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं "हो सर" झालेलं असतं. शेजारच्या टेबलावरच्या दादांची थकबाकीची यादी गेले सहा महिने मी करते, कारण एकदा त्यांच्या घरी आजारपण होतं म्हणून केली आणि मग ती माझीच झाली. भिशीचा हिशेब माझ्याकडे. मैत्रिणीच्या मुलीचा प्रकल्प मी रंगवून दिला. आणि जे करायचं ते असं की कुणाला खोट काढता येऊ नये. पत्रातली एक ओळ वरखाली झाली तर पुन्हा छापते. संस्थानच्या गणपतीची पाचव्या दिवसाची मिरवणूक मला लहानपणापासून जीव की प्राण. माहेरी असताना एकही चुकवली नाही. यंदा सलग चौथं वर्ष गेले नाही, घरी कुणी ना कुणी यायचं असतं आणि चहाला मी लागते.

डाएटचे तक्ते तीन केले. तक्ता पाळते तेव्हा तंतोतंत पाळते, ग्रॅममध्ये मोजून. मग नवव्या-दहाव्या दिवशी ऑफिसात कुणीतरी साताऱ्याहून कंदी पेढे आणतं, नाही म्हणता येत नाही, एक खाल्ला जातो. त्या एका पेढ्यानंतर डोक्यात येतं, मोडलं ना, मग आता कशाला. आणि रात्री डबे.

मला हे एकाच धाग्याचे तीन पदर वाटतात. कुठलं टोक आधी धरू? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. "मन खंबीर कर" एवढं कृपया सांगू नका, ते मीच मला रोज सांगते.

घाटावरची

ताई, एक साधा उपाय. भडंग, फरसाण, बिस्किटं घरात आणूच नका. नसेल तर खाल कुठून? माझ्या बहिणीचं यानेच सुटलं.

सांजवात

वरच्या ताईंचा हेतू चांगला आहे, पण इथे मी असहमत. धागाकर्तीने घरातून वस्तू काढली तर ती फाटक्या पोळ्या खाईल, त्या तर घरातच झाल्या होत्या.

मी समुपदेशनाचं काम करते. इथे बसून निदान होत नाही, पण एक प्रश्न विचारते. रात्रीच्या त्या डब्याआधी, दिवसभरात तुम्ही काय खाता? प्रामाणिकपणे, वेळेसकट लिहा. माझा अंदाज आहे की फार कमी खाता.

1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा इथे अँसेल कीज यांनी 36 तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. धडधाकट, मनाने पक्के तरुण. काही आठवड्यांत ते सतत अन्नाबद्दलच बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, आणि बंधन उठल्यावर काही जणांना पोट भरलं तरी थांबता येईना. उपाशी शरीर असंच वागतं, त्यात मनाच्या खंबीरपणाचा काही संबंध नाही. म्हणून अनावर खाण्यावरच्या उपचारात पहिली पायरी कमी खाण्याची नसून वेळेवर खाण्याची असते. तीन जेवणं, मध्ये दोन छोटी खाणी, दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर नको. रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड जातं.

दुसरं असं की "आता हात थांबणार नाही" अशी भावना येऊन भरमसाट खाणं आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने होत असेल, तर ती बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकते. अमेरिकन निदानसूचीत 2013 पासून तिची स्वतंत्र नोंद आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जवळ आहे, तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येईल. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, 14416, मोफत आहे, चोवीस तास चालतं आणि मराठीत बोलता येतं. जाल तेव्हा थायरॉइड आणि साखरही तपासून घ्या.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

ताई, मी सातारचा, शाळेत शिक्षक. खाण्याचं मला कळत नाही, पण "हो" म्हणण्याचं दुखणं माझंही होतं. शाळेतली प्रत्येक समिती, गल्लीतलं मंडळ, भावकीतली लग्नं, सगळीकडे मी.

मला "नाही" म्हणायला जमलंच नाही. "बघून सांगतो" म्हणायला जमलं. तेवढ्यावर पहिले दोन महिने काढले. बाजारात भाजीवालीने "घ्या की अजून एक जुडी" म्हटलं तरी "बघून सांगतो". हसू नका, सवय तिथेच लागली. त्या "बघून"मध्ये एक रात्र मिळते आणि रात्री कळतं की आपल्याला हे करायचं आहे की नाही.

मग दुसरी गोष्ट शिकलो. नकार देताना कारण द्यायचं नाही. मी आधी कारणांची माळ लावायचो. आईला दवाखान्यात न्यायचंय म्हटलं की समोरचा म्हणणार, मग परवा करा. कारण सांगितलं की समोरचा ते सोडवून देतो आणि आपण परत अडकतो. "या वेळी मला जमणार नाही, सर." एवढंच. त्यानंतर जी शांतता पसरते ती सहन करायची. पहिल्यांदा माझे तळहात ओले झाले होते. काही सेकंदच असतात ती.

थकबाकीची यादी परत द्या. पण एकदम नको, "पुढच्या महिन्यापासून तुमची यादी तुम्ही करा, दादा, काही अडलं तर दाखवते" असं.

कृष्णाकाठची_काकू

बाळा, तुझं गौरीजेवणाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी अशी तीस वर्षं गेली.

मला उपयोगी पडलं ते एक अक्षर, "च". अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1955 च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली, मराठीत तिला विवेकनिष्ठ म्हणतात. त्यांचं म्हणणं, माणूस इच्छेची सक्ती करतो आणि तिथे दुःख सुरू होतं. ती सक्ती आपल्या भाषेत अगदी डोळ्यांना दिसते. पोळी गोलच झाली पाहिजे. सगळे खूशच असले पाहिजेत. मी वहीत दिवसभराची अशी वाक्यं लिहून "च" लाल शाईने खोडायची आणि वाक्य पुन्हा लिहायची. पोळी गोल झाली तर मला आवडेल, फाटली तर फाटली. वाचायला सोपं वाटतं. महिनाभर केलं तेव्हा कुठे आत उतरलं.

आणि तुला एक काम देते. येत्या रविवारी पोळ्या कर, चारच कर. एक मुद्दाम फाडून नवऱ्याच्या पानात वाढ. काही बोलू नकोस, माफी मागू नकोस.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय.

सांजवात ताई, वेळेसकट लिहिलं तेव्हा मलाच धक्का बसला. सकाळी सातला चहा, अकराला चहा, दोन वाजता निम्मा डबा (उरलेला निम्मा कुणाला तरी "घ्या ना" म्हणून), पाचला चहा, साडेनऊला सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं. मी स्वतःला दिवसभर उपाशी ठेवत होते आणि रात्री स्वतःलाच चोर म्हणत होते. आता आठ वाजता नाश्ता, पोहे किंवा भाकरी-दूध, आणि पाचच्या चहाबरोबर मूठभर शेंगदाणे-गूळ. नवऱ्याच्या पानाबरोबरच माझं पान वाढते. रात्रीचे डबे पहिल्या आठवड्यात पाच वेळा उघडले, गेल्या आठवड्यात दोनदा. पूर्ण थांबलेलं नाही.

घाटावरची ताई, भडंग घरात ठेवलं आहे, पण संध्याकाळी वाटीत काढून, कांदा-कोथिंबीर घालून, मुलाबरोबर बसून खाते. त्याला त्याचं नवल वाटलं. "आई, तुला भडंग आवडतं?" म्हणाला. पंधरा वर्षांच्या मुलाला हे माहीत नव्हतं.

यादी परत दिली. दादा दोन दिवस बोलले नाहीत. मला ते दोन दिवस फार जड गेले, त्यातल्या एका रात्री डबा उघडला, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी त्यांनी थकबाकीचा एक आकडा विचारायला फोन केला, नेहमीच्याच आवाजात.

काकू, पोळी मुद्दाम फाडावी लागली नाही, आपोआप फाटली. नवऱ्याच्या पानात वाढली. माझं सगळं लक्ष त्या फटीतून बाहेर आलेल्या पुरणावर. ते मोबाइलवर मॅच बघत होते. फाटलेल्या बाजूनेच घास तोडला, दुधात बुडवला आणि आणखी एक मागितली. मी तिथेच खुर्चीवर बसले, बराच वेळ. मग सासूबाईंना सांगितलं, त्या दिवशी सात पोळ्या मी का खाल्ल्या ते. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला आमच्याबरोबर बसायला आवडत नाही." यावर मी अजून विचार करतेय.

सोमवारी मिरजेला दाखवायला जाणार आहे. रजा मागितली, कारण सांगितलं नाही. आता एवढंच विचारायचं आहे: खाण्याची वही बरोबर नेऊ का? आणि नवरा येतो म्हणतोय, त्याला आत घेऊ का?

सांजवात

वही जरूर न्या, आहे तशी. नीट अक्षरात उतरवून काढू नका. यजमानांना येऊ दे, पण आधी तुम्ही एकट्या आत जा, मग वाटलं तर त्यांना बोलवा. आणि सोमवारी निघताना नाश्ता करून निघा.