बगसुद्धा जपावे लागतात
'सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्राम) खुला केला की गेम वाचला' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. डूम या गोळीबाराच्या जुन्या गेमचा कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला, पण तो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या आवृत्तीचा. गेम गाजला डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि नेमका तोच कोड देता आला नाही, कारण त्यातली आवाजाची लायब्ररी (तयार कोडचा संच) दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेली! नकाशे, चित्रं तर आजही कॉपीराइटखाली. म्हणून 'फ्रीडूम' या मुक्त प्रकल्पातले लोक ती सगळी नव्याने बनवतात.

त्याहून मोठी भानगड म्हणजे बग (प्रोग्राममधल्या चुका) दुरुस्त करायची हौस. डूमच्या डेमो फाइलमध्ये, म्हणजे खेळलेला डाव पुन्हा बघायच्या फाइलमध्ये, व्हिडिओ नसतो. सेकंदाला ३५ वेळा खेळाडूने काय केलं एवढीच नोंद असते, बाकी सगळं इंजिन (गेम चालवणारा प्रोग्राम) नव्याने घडवतं, म्हणून त्यातला बग दुरुस्त केला की डावही बदलू शकतो. मी एक जुना डेमो 'सुधारलेल्या' पोर्टवर (खुल्या कोडवरून बनवलेल्या आवृत्तीवर) लावला, तर आपले वीर थोड्याच वेळात दार चुकले आणि भिंतीला नाक लावून गोळ्या झाडत बसले. चॉकलेट डूम या दुसऱ्या पोर्टवर तोच डेमो शेवटपर्यंत बिनबोभाट चालला, कारण तिथे मूळ बग मुद्दाम जसेच्या तसे ठेवलेत.