मदत हवी आहे: मातीचा वेस्टा वाळताना तडकतोय

मंडळी, मी खानापूरचा. भाचीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात वेस्टा लघुग्रहाची प्रतिकृती ठेवायची आहे. खानापुरात कुंभारी मातीला काय तोटा, म्हणून मामाने फुशारकीत हो म्हटलं!

प्रमाण धरलंय १ सेंमीला २० किमी. वेस्टा साधारण ५७३ × ५५७ × ४४६ किमी, म्हणजे गोळा साडेअठ्ठावीस सेंमी रुंद नि बावीस उंच, चेपलेल्या लाडवासारखा. खरी पंचाईत खालच्या बाजूला. दक्षिण ध्रुवावरचं ऱ्हियासिल्व्हिया विवर सुमारे ५०० किमी रुंद, म्हणजे पंचवीस सेंमी. सगळा तळच खड्डा! त्याच्या मधोमध वीस किमीहून उंच शिखर, ते आमच्याकडे जेमतेम बोटाचं पेर.

भरीव गोळा दोनदा केला, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी कमरेपाशी तडकला. भाची म्हणते, "असू दे की मामा, खऱ्या वेस्टालाही विषुववृत्तावर लांबलचक चर आहेत." चर आहेत हे खरं, पण आपला गोळा दोन तुकडे होतोय त्याचं काय?

आत फुगा नि कागदाचा लगदा घालून पोकळ करावा का? मातीत भुसा किती मिसळायचा? आणि रंग? पृष्ठभाग बेसाल्टी, पण मंगळ नि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यातल्या मोठ्या लघुग्रहांत हाच सगळ्यात उजळ. लाल माती शोभत नाही. राख नि चुना चालेल?

माहितीचा तक्ता तयार आहे: शोध हाइनरिख ओल्बर्स, ब्रेमेन, २९ मार्च १८०७, डॉन यान २०११-१२ मध्ये त्याच्याभोवती फिरलं. प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे.